पहिला फिशटँक लावताय? या चुका टाळा

टँक आणला, वाळू पसरली, पाणी भरलं, दिवा लावला आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले. चार-पाच दिवस सगळं झकास चालतं. मग एक मासा मरतो, पाठोपाठ आणखी दोन. लोक म्हणतात, मासेच आजारी दिले. कधी कधी तसंही असतं, पण बहुतेक वेळा टँक तयार व्हायच्या आधीच मासे आत गेलेले असतात.

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया साठतो. पाणी नितळ दिसत असलं तरी तो असू शकतो, आणि माशांसाठी तो विषच आहे. फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वाढणारे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारी. मग दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य, आणि पाणी बदललं की कमी होतं. ही साखळी बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात.

नुसता फिल्टर चालू ठेवून महिनाभर थांबलात तर काहीच होणार नाही, कारण या जीवाणूंनाही अमोनिया लागतो. रिकाम्या टँकमध्ये रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका, ते कुजून अमोनिया तयार होतो. ओळखीत कोणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून घ्या, ओलाच आणा आणि लगेच आपल्या फिल्टरमध्ये बसवा. बराच वेळ वाचतो. थेंबांचं टेस्ट किट मात्र पहिल्या माशाच्या आधी घ्या. खाणं टाकणं चालू असतानाही अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतात आणि नायट्रेट दिसतं, तेव्हा टँक तयार झाला.

सगळं धुऊन काढणं

ही चूक मला पहिलीपेक्षाही वाईट वाटते, कारण ती मेहनती माणसाच्या हातून होते. पाणी जरा गढूळ झालं की मासे बादलीत, टँक रिकामा, वाळू आणि स्पंज नळाखाली खळखळून स्वच्छ. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ते जीवाणू मारतं आणि टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. आठवड्याला पाव भाग पाणी बदला, नवं पाणी अँटी-क्लोरीन घालूनच ओता. स्पंज तुंबला तर टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दोन-तीनदा पिळा. पाणी तपकिरी होईल, स्पंजही कळकटच दिसेल. तसाच परत बसवा.

काही बिघडलं तर

नव्या टँकचं पाणी दुधाळ झालं तर घाबरू नका. बहुधा तो पाण्यात तरंगणाऱ्या जीवाणूंचा बहर असतो, काही दिवसांत आपोआप बसतो. पाणी हिरवं झालं तर उजेड जास्त होतोय. दिवा दिवसाला 6 ते 8 तासच ठेवा, टँक उन्हाच्या खिडकीपासून हलवा.

मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील तर मात्र थांबू नका. तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी लगेच बदला (तापमान तेवढंच हवं), एअर पंप वाढवा, त्या दिवशी खाणं बंद, आणि अमोनिया-नायट्राइट तपासा.

एरवीही खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच द्या. मासे काचेशी येऊन मागतात म्हणून ते भुकेले आहेत असं नाही.

मासे निवडताना

काच साफ ठेवेल म्हणून घेतलेला बोटभर सकर फूटभराच्या पुढे वाढतो. एंजल मोठा झाला की निऑन टेट्रा गिळतो. निऑन एकटा-दुकटा ठेवला तर बुजून राहतो, निदान सहा तरी हवेत. गप्पीची मादी एकदा नराबरोबर राहिली की पुढे कित्येक महिने नराविना पिल्लं देऊ शकते. आणि गोल्डफिश काचेच्या गोल भांड्यात ठेवू नका, ही कळकळीची विनंती. तो सहज वीतभर होतो, घाण खूप करतो आणि वर्षानुवर्षं जगायला जन्मलेला असतो.

सुरुवात 50-60 लिटरच्या टँकने आणि तीन-चार लहान माशांनी करा. पिशवी 15-20 मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग जाळीने मासे उचलून आत सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत ओता. पुढचे मासे दोन आठवड्यांनी आणा, तेही अमोनिया आणि नायट्राइट शून्य असतील तरच.