चित्रचिन्हं शिकवताना आधी बोट तुमचं

बोलून सांगता न येणाऱ्या मुलापुढे चित्रचिन्हांचा, म्हणजे शब्दांऐवजी बोट ठेवून दाखवायच्या चित्रांचा, तक्ता धरून ‘पाणी कुठंय, दाखव’ म्हणणं ही परीक्षा झाली. बोलणारं मूल बोलायच्या आधी कितीतरी दिवस शब्द ऐकत असतं. या मुलालाही चिन्हं आधी वापरात दिसायला हवीत. म्हणून तुम्ही बोलता बोलता चिन्हावर बोट ठेवायचं.

सुरुवातीला ६ ते ८ चिन्हं पुरतात, पण तक्ता २० चौकोनांचा करा आणि बाकीचे रिकामे ठेवा. पुढे चिन्हं वाढली तरी जुन्यांची जागा हलत नाही. जागा हाताला पाठ होते. ‘खरंच ओळखतो का’ हे पाहायला चिन्हं फिरवली की झालेली सवय मोडते.

नुसत्या वस्तूंची नावं घेऊ नका. ‘आणखी’, ‘नको’, ‘थांब’, ‘दे’, ‘संपलं’ दिवसभर कामी येतात. मात्र यांचा अर्थ चित्रावरून कळत नाही, तो प्रसंगातूनच कळतो. साबणाचे फुगे उडवा, थांबा, ‘आणखी’वर बोट ठेवून तसं म्हणा आणि लगेच उडवा. चार-पाच वेळा असं झालं की थांबून गप्प राहा, १० सेकंद तरी, त्याच्याकडे पाहत. काहीच आलं नाही तर पुन्हा तुम्हीच दाखवा. त्याचा हात धरून टेकवू नका. मूल हात धरला जाण्याची वाट पाहायला शिकतं.

मूल प्रत्येक चिन्हावर किंवा नेहमी कोपऱ्यातल्याच चिन्हावर बोट ठेवतं? मग आवडती आणि नावडती अशा दोन वस्तूंचीच चिन्हं ठेवा. त्यानं दाखवल्यावर दोन्ही वस्तू पुढे करून ‘घे’ म्हणा. दाखवली एक आणि उचलली दुसरी, तर फरक अजून कळलेला नाही. तेव्हा नावडतीच्या चिन्हाऐवजी कोरं कार्ड ठेवून सुरू करा.

कोणी बघत नसतानाही मूल बोट ठेवत असेल, तर सुटं कार्ड समोरच्याच्या हातात द्यायला शिकवा. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांच्या १९८५ च्या, चित्र देऊन संवाद साधायला शिकवणाऱ्या पद्धतीत (PECS) यासाठी दोन मोठी माणसं लागतात: एक समोर, दुसरं मागून न बोलता मदत करणारं.

‘नको’ला मान द्याच. औषधासारखी गोष्ट टळणार नसेल, तरी क्षणभर थांबून त्याच चिन्हावर बोट ठेवा, ऐकलं हे कळू द्या, मग पुढे काय ते दाखवा. दुर्लक्ष होत राहिलं तर मूल पुन्हा ढकलण्या-चावण्याकडे वळतं. आणि शिक्षा म्हणून तक्ता काढून घेणं म्हणजे त्याचं तोंड बांधणं. ते कधीही करू नये.