घाट चढण्याआधी: पाणी खाणाऱ्या ट्रकची तयारी

"गाडी पाणी खाते" एवढंच सांगून जुना ट्रक मेस्त्रीकडे सोडला की आधी थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) निघतो, मग वॉटर पंप बदलतो आणि शेवटी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडतं. पाणी जातं कुठे हे कळल्याशिवाय पान्याला हात लावू द्यायचा नाही. वाटा तीनच: बाहेर गळतं, रेडिएटरच्या कॅपमधून वाफ होऊन उडतं, नाहीतर इंजिनाच्या आत शिरतं. हापूसच्या पेट्या किंवा चिरे भरून साखरप्याहून आंबा घाट चढायचा असेल तर हा शोध तीन-चार दिवस आधी घ्यावा, म्हणजे पार्ट मागवायला वेळ राहतो.

रात्री ट्रक सपाट जागेवर लावा, पाणी खुणेपर्यंत भरा, खाली पुठ्ठे पसरा. सकाळी इंजिन थंडगार असतानाच कॅप उघडायची; गरम असताना कधीच नाही. पुठ्ठ्यावर डाग असेल तर त्याच्या वर बघा. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, तिथून ओघळ आला असेल तर पंपाचं सील गेलं. होजच्या (पाण्याच्या रबरी नळ्यांच्या) क्लिपांच्या कडेला हिरवट-पांढरी खपली दिसली तर तिथून पाणी गरम असताना झिरपतं आणि थंड झाल्यावर थांबतं, म्हणून पुठ्ठा कोरडा राहतो. रेडिएटरला हातपंपाचा टेस्टर लावून कॅपवर लिहिलेला दाब द्या. दहा-पंधरा मिनिटांत काटा उतरला तर गळती आहेच.

किनाऱ्यावरच्या गाडीचा रेडिएटर वेगळ्याच हालात असतो. खाऱ्या हवेने त्याच्या पातळ धातूच्या पाकळ्या बोटाने भुगा होण्याइतक्या कुजतात, आणि उरलेल्या फटींत लाल धूळ तेलकट होऊन बसते. इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने धुवा. जोराच्या धारेने पाकळ्या आडव्या होतात. खाडीकाठच्या विहिरी वैशाखात मचूळ होतात, ते पाणी रेडिएटरमध्ये कधीही घालू नका. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

कॅपकडे कुणी बघत नाही. साधं पाणी 100 अंशांना उकळतं, 0.9 बार दाब धरणारी कॅप तेच सुमारे 118 वर नेते. रबर चिरलं की हा फायदा गेला. नवी कॅप स्वस्त आहे, घालूनच टाका, पण जुनीवर लिहिलेल्याच दाबाची.

थर्मोस्टॅट टोपात पाणी गरम करून बघा, सोबत थर्मामीटर ठेवा: त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास उघडायला हवा. तो काढून टाकून गाडी चालवणं हा उपाय नाही. इंजिन थंडच राहतं, डिझेल जास्त खातं, आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून आडवाटेनेच फिरत राहतं.

आतली वाट जरा किचकट. थंड इंजिन, कॅप उघडी, काठोकाठ पाणी. सुरू केल्यावर अडकलेली हवा निघून गेली तरी बुडबुडे येतच राहिले, तर हेड गॅसकेट (हेडखालचं सील) गेलं किंवा हेडला तडा. चालू केल्या केल्या वरचा होज दगडासारखा झाला, तरी तोच संशय. तेलाच्या झाकणाखाली पांढरा फेस दिसला म्हणून लगेच घाबरू नका, आपल्या दमट हवेत लहान फेऱ्यांनी तो येतो. डिपस्टिकवरचं (तेल मोजायच्या पट्टीवरचं) तेलही दुधाळ असेल तर मात्र गंभीर. वेट लायनरच्या इंजिनात (सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट पाणी लागतं त्या) नळीच्या रबरी ओ-रिंग गेल्या तर पाणी चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या तेलाच्या टाकीत, उतरतं: रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी ड्रेन नट हळूच सैल करा, तेलाआधी पाणी आलं तर कळलंच.

पाणी कमी होत नसेल पण गाडी गरम होत असेल, तर फॅन बेल्ट, फॅनचा क्लच, तुंबलेला एअर फिल्टर आणि धरून ठेवणारे ब्रेक बघा. ब्रेक धरत असेल तर हात ड्रमजवळ नेला तरी आंच जाणवते.

निघताना कॅबिनमध्ये होजचा तुकडा, क्लिपा, बेल्ट, पाना आणि भरपूर गोडं पाणी. घाटात तापमानाचा काटा चढू लागला तर खालचा गिअर आधीच टाका. चढलेला काटा अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका: पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की असंच होतं. बेल्ट तुटला किंवा पाणी गेलं तर इंजिन तात्काळ बंद. एरवी बाजूला घेऊन थोडा वेळ आयडलवर ठेवा, मग बंद करा.