तालुक्याच्या गावी हॉटेल टाकताय? आधी ताटाचा हिशोब, मग गाळा

पहिल्यांदा हॉटेल टाकणारा माणूस बहुतेक वेळा गाळा बघून सुरुवात करतो. गाळा मोक्याचा दिसला की अनामत देऊन मोकळा होतो, मग आचारी शोधतो, मग मेनू ठरवतो. एका ताटाला खर्च किती येतो हे त्याला तिसऱ्या महिन्यात कळतं, तोवर हातातली पुंजी संपत आलेली असते. क्रम उलटा ठेवा: गिऱ्हाईक, ताट, हिशोब आणि मग जागा. खालचं गणित २४ खुर्च्यांच्या शाकाहारी थाळीच्या हॉटेलाचं आहे. त्यातले भाव नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे भाव टाकून ते पुन्हा मांडा.

१. गिऱ्हाईक कोण ते आधी ठरवा

लातूरला शिकवणीच्या मुलांची महिनेवारी मेस, तुळजापूरला भाविकांचं जेवण, तहसील कचेरीजवळचा चहा-नाष्टा आणि सोलापूर–धुळे महामार्गावरचा ढाबा हे चार वेगळे धंदे आहेत. एकाच्या हिशोबावर दुसरा चालत नाही. मेसला गिऱ्हाईक पक्कं असतं पण दर कमी मिळतो, आणि मे महिन्यात परीक्षा संपल्या की मुलं गावी जातात. तीर्थक्षेत्री नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते, एरवी मधल्या वारी टेबलं रिकामी.

मनात असलेल्या जागेसमोर तीन दिवस बसा: एक साधा वार, एक आठवडी बाजाराचा दिवस, एक रविवार. सकाळी सात ते रात्री दहा. शेजारच्या हॉटेलात तासाला किती माणसं बसतात, काय मागवतात, बिल साधारण किती होतं, हे वहीत टिपा. रस्त्यावरची वर्दळ मोजून उपयोग नाही, आत शिरणारी माणसं मोजा. महामार्गालगत जागा घेत असाल तर बाह्यवळण रस्ता मंजूर झालाय का याची चौकशी कराच. वळण झालं की जुन्या रस्त्यावरची वाहनं जवळजवळ एका दिवसात आटतात. समृद्धी महामार्गावर तर ठरलेल्या ठिकाणीच चढता-उतरता येतं, त्यामुळे तो शेताजवळून गेला म्हणून बांधावर ढाबा टाकता येत नाही.

२. एक ताट तोलून बघा

दोन भाकरी, पिठलं, एक भाजी, आमटी, भात, ठेचा, कांदा, ताक. प्रत्येक जिन्नस वजनकाट्यावर ठेवा.

ज्वारीचं पीठ २०० ग्रॅम (५० रु. किलो) १० रु., बेसन ४० ग्रॅम (१०० रु.) ४ रु., सगळ्यात मिळून तेल ३० ग्रॅम (१५० रु.) साडेचार रु., तूरडाळ ३० ग्रॅम (१४० रु.) सव्वाचार रु., तांदूळ ६० ग्रॅम (५० रु.) ३ रु., शेंगदाणे १५ ग्रॅम (१४० रु.) २ रु., भाजी साडेतीन रु., कांदा-लसूण-मिरची-कोथिंबीर ४ रु., काळा मसाला आणि मीठ २ रु., ताक ३ रु. झाले साधारण ४० रुपये.

पण इथे थांबू नका. निवडण्यात आणि उरण्यात जाणारे दहा टक्के, म्हणजे ४ रु. गॅस ७ रु. साबण, हात पुसायचा कागद, पिण्याचं पाणी मिळून ४ रु. आपल्याकडे आमटी आणि भाकरी मागेल तेवढी वाढायची पद्धत आहे, त्याचे सरासरी ५ रु. एकूण ६० रुपये. बहुतेक नवे मालक पहिले ४० मोजतात आणि वरचे २० विसरतात. महिन्याकाठी नफा जातो तो याच वीस रुपयांत.

आता बसलेला खर्च, म्हणजे ताटं विकली नाहीत तरी द्यावाच लागणारा: भाडं १८ हजार, पगार ७२ हजार, वीज ७ हजार, कर्जाचा हप्ता ११ हजार, टँकर-दुरुस्ती-किरकोळ १२ हजार. महिन्याला १ लाख २० हजार. थाळी १२० रुपयांना विकली तर ताटामागे ६० उरतात, म्हणजे खर्च निघायलाच महिन्याला २,००० ताटं लागतात. २६ दिवसांत भागली की रोजची ७७.

या आकड्यावर वर्षाची उलाढाल जवळपास २९ लाख होते. सेवेच्या व्यवसायाला जीएसटी नोंदणीची मर्यादा साधारणपणे २० लाख आहे, म्हणजे नोंदणी आलीच. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीची सोपी, उलाढालीवरच्या ठोक कराची योजना) हॉटेलाला उलाढालीवर ५ टक्के भरावे लागतात आणि ते बिलात वेगळे लावून गिऱ्हाइकाकडून घेता येत नाहीत. ताटामागे ६ रुपये गेले, उरले ५४, आणि रोजची ताटं झाली ८६. यात तुमचा स्वतःचा पगार अजून धरलेला नाही. तो पगाराच्या रकमेत धरून गणित पुन्हा करा. तुम्ही मोजून आलात त्या जागी एवढी माणसं दिसत नसतील तर भाडं कमी असलेला गाळा बघा किंवा खुर्च्या कमी करा. दर वाढवून हे भरून काढू असं धरून चालू नका.

३. गाळा आणि करार

२४ खुर्च्यांना स्वयंपाकघर आणि भांडी घासायची जागा धरून ५५० ते ६०० चौरस फूट पुरतं. अकरा महिन्यांच्या करारावर फरशी, ओटा, चिमणी यांत पैसे घालू नका. धंद्याचा जम बसला की मालक भाडं वाढवतो आणि ओटा काही उचलून नेता येत नाही. निदान पाच वर्षांचा लेखी, नोंदवलेला करार करा. दरवर्षीची वाढ, अनामत परतीची मुदत आणि दोन्ही बाजूंची नोटीस त्यात लिहून घ्या.

सही करण्याआधी वीज मीटरची जुनी थकबाकी, व्यावसायिक जोडणी, थ्री-फेज मिळेल का, सांडपाणी कुठे जातं आणि धुराची चिमणी नेमकी कोणाच्या खिडकीसमोर निघते, हे सगळं बघा. चिमणीवरून शेजाऱ्याची तक्रार झाली की बांधलेलं स्वयंपाकघर पुन्हा फोडावं लागतं.

४. पाणी

मराठवाड्यात हा प्रश्न भाड्याइतकाच मोठा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. नळाला आठवड्यानं पाणी येणं इथे कितीतरी गावांत रोजचंच आहे.

भारतीय मानकानुसार उपाहारगृहाला दर खुर्चीमागे दिवसाला ७० लिटर पाणी धरतात. २४ खुर्च्यांना साधारण १,७०० लिटर. तीन दिवसांचा साठा हवा, म्हणून ५,००० लिटरच्या टाकीची जागा असल्याशिवाय गाळा घेऊ नका. टँकरचा मे महिन्यातला भाव विचारा आणि तोच हिशोबात धरा, पावसाळ्यातला नको.

बोअरचं पाणी करार करण्याआधी तपासून घ्या. जड पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, कारण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून ठेवतं. गॅस जास्त जळतो आणि आमटी तरीही कणीदार राहते. डाळ-भात आणि पिण्यासाठी शुद्ध केलेलं पाणी वापरा, शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारं पाणी फरशी धुवायला साठवा. खाद्य परवान्यासाठीही पाण्याचा तपासणी अहवाल लागतो.

५. स्वयंपाकघर

कच्चा माल एका दारानं यावा, धुणं, चिरणं, शिजवणं, वाढणं अशा ओळीत पुढे सरकावा आणि खरकटी भांडी त्या ओळीला आडवी जाऊ नयेत. भट्टी, स्टीलची टेबलं, खुर्च्या जुन्या घेतल्या तरी चालतं. फ्रीज आणि गॅसची नळी मात्र नवीच घ्या.

गॅस व्यावसायिक १९ किलोचाच. घरगुती सिलिंडर हॉटेलात वापरणं गुन्हा आहे. परवान्याविना १०० किलोपर्यंतच साठा ठेवता येतो, म्हणजे पाच सिलिंडर. ते उभे, बाहेर, हवेशीर जाळीत ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं गळला की जमिनीलगत साचतो, म्हणून झरोका खालीही हवा. पेटत्या तेलावर कधीच पाणी मारू नका, आणि हे भांडी घासणाऱ्या माणसालाही पहिल्याच दिवशी सांगा.

थाळीच्या हॉटेलात खोळंबा होतो तो भाकरीपाशी. रोजच्या ७७ पैकी निम्मी, म्हणजे दुपारची ३८ ताटं धरली तरी जादा वाढीसकट ९५ भाकरी दोन तासांत लागतात. एका तव्यावर एका हातानं तासाला तीसेक निघतात. म्हणून दोन तवे, आणि थापायला एक, भाजायला एक अशा दोघी. ज्वारी चार-पाच दिवसांपुरतीच दळून आणा. पीठ जुनं झालं की चिकटपणा जातो, थापताना काठ फाटतात आणि भाजणारीचा वेळ दुप्पट होतो. भाकरीवाल्या मावशींची सुट्टी आधीच ठरवून पर्यायी माणूस तयार ठेवा. त्या आल्या नाहीत तर त्या दिवशी थाळीच बंद राहते.

मेनू दहा पदार्थांच्या आत ठेवा. पनीरचे चार प्रकार आणि चायनीज कोपरा सुरुवातीला नकोच: त्यासाठी वेगळा आचारी, वेगळा माल आणि फ्रीजमध्ये सडणारा साठा लागतो.

६. कागदपत्रं

पत्ता पक्का झाला की लगेच सुरू करा. फॉस्कॉस संकेतस्थळावर अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवाना (कोणता ते उलाढालीवर ठरतं) काढा. त्याचा १४ आकडी क्रमांक बिलावर छापणं बंधनकारक आहे. कामगारांची वैद्यकीय प्रमाणपत्रं, जीएसटी, दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद, पालिका किंवा ग्रामपंचायतीची कागदपत्रं हेही लागतं. पाटी देवनागरी मराठीत हवी, दुसऱ्या भाषेतली अक्षरं तिच्याहून मोठी नकोत.

कर्जासाठी बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करा. अनुदानाच्या योजनांसाठी जिल्हा उद्योग केंद्रात जा, पण हॉटेल उघडण्याआधी. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजनेत आधीच चालू असलेला धंदा नवा म्हणून बसत नाही. सगळे पैसे सजावटीत संपवू नका. तीन महिन्यांचा बसलेला खर्च, वरच्या उदाहरणात ३ लाख ६० हजार, वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय शटर उघडू नका.

७. कधी उघडायचं

सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीच्या आसपास हातात येतात, तेव्हा बाजार हलतो. पण बीडच्या धारूर, केज, पाटोदा भागात त्याच सुमारास ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं निघून जातात आणि मार्च-एप्रिलकडे परततात. तिथली मंदी दिवाळीनंतर सुरू होते. परळीला श्रावण सोमवार आणि महाशिवरात्र, पैठणला नाथषष्ठी. अशा गर्दीच्या निदान महिनाभर आधी उघडा. ऐन यात्रेत उघडलेलं नवं स्वयंपाकघर कोलमडतं, आणि त्या दिवशी जेवून गेलेला माणूस पुन्हा येत नाही.

उघडण्याआधी तीन दिवस ओळखीच्या लोकांना अर्ध्या खुर्च्यांवर जेवायला बसवा, पैसे घेऊनच. फुकट जेवणारा खरं सांगत नाही. ताट पुढ्यात यायला दहा मिनिटांहून जास्त लागली तर कुठे अडतंय ते शोधा.

८. पहिले तीन महिने

रोज रात्री चार आकडे लिहा: विकलेली ताटं, मालाचा खर्च, टाकून दिलेल्या अन्नाचं वजन, गल्ला. आमटी-भाजी ठरलेल्या पळीनंच वाढली जाते का बघा. पळी बदलली की ताटामागे दोन-तीन रुपये वाढतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. कामगारांची उचल पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या वर नको, आणि ती सहीनिशी द्या. कचेरीतल्या लोकांची उधारी ठेवावीच लागली तर आठवड्याची, महिन्याची नको.

उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे असतो. शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली गार ठेवा. दुपारचा भात रात्रीसाठी ओट्यावर ठेवू नका. त्यातले जंतू पुन्हा गरम करून मरतात, पण त्यांनी तयार केलेलं विष तसंच राहतं. तळणीच्या तेलातल्या पोलर घटकांची (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं तयार होणाऱ्या खराब घटकांची) मर्यादा २५ टक्के आहे. तेल काळं पडून फेसाळायला लागलं की त्यात ताजं ओतत बसू नका, बदला.

तिसऱ्या महिन्याअखेर ताटांचा रोजचा आकडा ८६ च्या जवळ नसेल तर आधी पगाराची यादी आणि मेनू छाटा, एका वेळचं जेवण बंद करून डबे द्यायचे का ते बघा आणि आणखी दोन महिने मोजा. राखीव रकमेतला तिसरा हिस्सा उरला की करारातली नोटीसची मुदत काढून बघा: दोन महिन्यांची मुदत असेल तर राखीव रक्कम पुरी संपायच्या आतच नोटीस द्यावी लागते, तरच अनामत हातात येते.