पेज चालू आहे ना?

व्यवसायाचं इन्स्टाग्राम माझ्याकडे आलं तेव्हा एका दिवसात चार-पाच पोस्ट, मग महिनाभर शुकशुकाट, असा कारभार होता. "काम बंद केलंत का?" असे मेसेज यायचे.

मी पोस्टसाठी सोमवार आणि गुरुवार ठरवले, बस्स. (रोज रील टाकाच म्हणणाऱ्यांचं ऐकत नाही.) महिन्याचे फोटो एकाच बैठकीत काढून कॅप्शनसकट मेटा बिझनेस सूटमध्ये (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट आधीच लावून ठेवायचं मेटाचं साधन) शेड्यूल करते. फॉलोअर्स कधी ऑनलाइन असतात ते इनसाइट्समध्ये, म्हणजे पेजच्या आकडेवारीत, दिसतं, त्यावरून वेळ ठरवली. शिवाय काही पोस्ट कायम राखीव: नेहमीचे प्रश्न, पॅकिंग कसं होतं वगैरे. आजारपणात त्याच कामी येतात. कमेंटला उत्तरं मात्र मी रोज सकाळी स्वतःच देते. लाइक्स फारसे वाढले नाहीत, चौकशा मात्र नियमित येऊ लागल्यात.