जुन्या फोटोतल्या अमेरिकन मोटारीचं साल कसं ओळखायचं

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचं गॅरेज आहे. आता गाड्यांखाली मुलगा जातो, आणि माझ्याकडे लोक घरातले जुने फोटो घेऊन येतात. पणजोबा फेटा बांधून उभे, मागं गिरणीच्या साहेबाची लांबलचक मोटार. "मिस्त्री, ही कुठली ओ?" त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो.

कुठली, हे मागाहून बघू. आधी कधीची, ते ठरवा. आणि ते ठरवताना बॉडीवर भुलू नका. त्या काळात भारी गाडीची चासी, म्हणजे चाकं-इंजिन धरणारा खालचा सांगाडा, एका कंपनीची आणि बॉडी दुसऱ्या कारागिराची, असं सर्रास चालायचं. टप नवा बसतो, रंग नवा लागतो, जुन्या चासीवर अख्खी बॉडीसुद्धा नवी चढते. चाकाशी जे लोखंड आहे ते सहसा तसंच राहतं.

फोटो शक्यतो फ्रेममधून बाहेर काढा, काचेवर उजेड चमकतो. सावलीत धरून मोबाइलवर जवळून काढा आणि मोठा करून बघा. गाडी खरी आहे ना, तेही बघा, कारण जत्रेतले फोटोवाले रंगवलेल्या मोटारीपुढं माणसं बसवायचे. फोटो उलटा छापलाय का, हे कोटाच्या गुंड्यांवरून कळतं. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते.

आता पुढचं चाक. लाकडी आरे असतील तर त्यांच्यामागं नीट बघा. मागच्या चाकाला मोठा ड्रम, म्हणजे ब्रेकचा गोल डबा, दिसतोय आणि पुढं आऱ्यांतून पलीकडचं आरपार दिसतंय, म्हणजे ब्रेक फक्त मागं. विसाव्या शतकाची पहिली वीसेक वर्षं अमेरिकेतल्या महागातल्या महाग गाड्याही अशाच, नुसत्या मागच्या ब्रेकवर पळायच्या. दोन टनांची गाडी आणि थांबवायला दोनच चाकं, विचार करा! १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग या अमेरिकन कंपनीनं मॉडेल ए काढली, तिला चारी चाकांना हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक होते. १९२३ मध्ये कॅडिलॅक आणि पॅकार्डनं चारी चाकांना ब्रेक दिले, पण ते मेकॅनिकल, सळ्यांवर चालणारे. म्हणून पुढं ड्रम दिसला की फोटो १९२१ किंवा त्यानंतरचा, आणि बहुतेक १९२३ नंतरचाच. टायरही त्याच सुमारास जाड झाले. आधीचे सायकलच्या टायरसारखे अरुंद आणि उंच दिसतात.

पुढं ड्रम नसेल तर दिव्यांकडं या. पायदानावर पितळी डबा किंवा आडवी टाकी आहे का? तो कार्बाइडच्या गॅसचा सरंजाम. डब्यात कार्बाइडवर पाणी ठिबकायचं, गॅस नळीतून पुढच्या दिव्यांत जायचा. टाकी असेल तर गॅस भरून आणलेला असायचा. १९१२ च्या मॉडेलला कॅडिलॅकनं सेल्फ, म्हणजे विजेच्या मोटरनं इंजिन सुरू करायची सोय दिली, चार्ल्स केटरिंगच्या डेल्को कंपनीची. बॅटरी आणि डायनामो आले तसे विजेचे दिवेही आले. त्याआधी हँडल मारायचं, आणि इंजिनानं उलटा झटका दिला की मनगट गेलंच. दोन-तीन वर्षांत महागड्या गाड्यांच्या बाकीच्या कंपन्यांनाही सेल्फ द्यावा लागला.

इथं दोन ठिकाणी लोक चकतात. पुढं हँडल लोंबकळतंय म्हणून गाडी सेल्फच्या आधीची, असं धरू नका. सेल्फ आल्यावरही हँडलची सोय कितीतरी वर्षं ठेवलेली होती. आणि जुन्या गाडीला विजेचे दिवे मागाहून बसवता येतात. म्हणजे त्या दिव्यांवरून फोटोचा काळ कळतो, गाडीचा कळेलच असं नाही. ही दोन सालं वहीत वेगळी लिहा.

पुढच्या सीटला दार नसेल, ड्रायव्हर नुसता बाकावर बसल्यासारखा उघडा दिसत असेल, तर गाडी साधारण १९११ च्या आधीची. बॉनेट संपून काचेपर्यंत एकदम खडी फळी दिसते का, तेही बघा. नंतर तिथं पत्रा वळवून बॉडीत मिळवला जाऊ लागला.

स्टिअरिंगचं मात्र आपल्याकडं जपून. अमेरिकेत आधी स्टिअरिंग उजवीकडंच असायचं. पॅकार्डनं ते १९१३ च्या सुमारास डावीकडं नेलं, कॅडिलॅकनं १९१५ च्या व्ही-आठ (व्ही आकारात आठ सिलिंडर) मॉडेलला, पिअर्स-ॲरोनं तर १९२० पर्यंत उजवंच ठेवलं. अमेरिकेतल्या फोटोला हा पुरावा चांगला. सोलापूरच्या फोटोत उजवं स्टिअरिंग दिसलं तर त्यावरून काहीच ठरत नाही, आपल्या रस्त्यांसाठी गाड्या तशाच मागवायचे.

एवढं झालं की कंपनी. पॅकार्ड मला सगळ्यात आवडते, कारण ती लपत नाही. १९०४ पासून रेडिएटरच्या वरच्या बाजूला दोन खांदे, आणि तीच घडी बॉनेटवरून मागं जाते. हब कॅपच्या मधोमध षटकोन असतो. पिअर्स-ॲरोचे दिवे मडगार्डातूनच उगवल्यासारखे, ही तऱ्हा १९१३ च्या सुमाराची. पण गिऱ्हाइकानं मागितले तर साधे दिवेही मिळायचे, त्यामुळं तसे नसले तरी पिअर्स-ॲरो नाहीच, असं म्हणता येत नाही.

बॉनेट लांब म्हणून सिलिंडर जास्त, हाही हिशोब लावू नका. पॅकार्डचं १९१५ चं ट्विन सिक्स बारा सिलिंडरचं, पण सहा-सहाच्या दोन रांगा व्ही आकारात, त्यामुळं लांबी आटोक्यात. आठ एका रांगेत लावले की बॉनेट लांबतं. आणि गिअरबॉक्स तर फोटोत दिसतच नाही. कॅडिलॅकनं १९२८ मध्ये सिंक्रोमेश, म्हणजे गिअर न खडखडता पडायची सोय, आणला, तोवर पणजोबांच्या साहेबाचा ड्रायव्हर प्रत्येक गिअरला डबल क्लच, म्हणजे दोनदा क्लच, मारत होता, हे घरच्यांना आवर्जून सांगा.

शेवटी साल एकच लिहू नका, "१९१२ ते १९२३" असं लिहा, आणि कशावरून ते शेजारी लिहा: ड्रम नाही, विजेचे दिवे, पुढं दार. वेगळ्या कागदावर, पेन्सिलीनं. फोटोच्या पाठीवर बॉलपेन चालवू नका, पुढून उमटतं.