मुतखड्याच्या उपकरणांच्या लाइनमध्ये येताय? आधी ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) उभे राहा

बायोमेडिकल किंवा बी. फार्म झालेली मुलं विचारतात, युरॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रविकारांच्या, उपकरणांच्या विक्रीत शिरावं का? शिरा. उन्हाळा लागला की मुतखड्याचे पेशंट वाढतात, आणि एकदा खडा झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. काम आटत नाही. पैसा कुठे फिरतो ते मात्र आधी समजून घ्या.

नवा माणूस मोठ्या मशीनवर डोळा ठेवतो. १९८० साली म्युनिकमध्ये बाहेरून शॉकवेव्ह देऊन पहिल्या पेशंटचा खडा फोडला, त्यानंतर बरीच वर्षं हे मशीन म्हणजेच बाजार होता. आता बहुतेक काम दुर्बिणीतून होतं: मूत्रनलिकेतल्या खड्याला यूआरएस (लघवीच्या वाटेने दुर्बीण), किडनीतल्या लहान खड्याला आरआयआरएस (त्याच वाटेने वाकणारी दुर्बीण थेट किडनीपर्यंत), २ सेंटिमीटरच्या वरच्याला साधारणपणे पीसीएनएल (पाठीतून छोटं छिद्र पाडून). खडा फोडणारा होल्मियम लेसर विकला की ते गिऱ्हाईक पुढची काही वर्षं मशीनचं नाव काढत नाही. पण गाइडवायर (वाट दाखवणारी तार), शीथ (दुर्बीण आत नेणारी नळी), बास्केट (खड्याचे तुकडे पकडणारी जाळी), डीजे स्टेंट (मूत्रनलिकेत ठेवायची नळी) यांची मागणी रोजची. घर त्यावर चालतं. लहान गावांत तर लेसर विकला जाण्याऐवजी केसवर भाड्यानेच जातो. मशीन गाडीत, सोबत टेक्निशियन, आणि पहिली एक-दोन वर्षं तो टेक्निशियन तुम्हीच.

हेच खरं शिक्षण. फ्लेक्झिबल स्कोपची, म्हणजे वाकणाऱ्या दुर्बिणीची, आतली वाट जेमतेम १.२ मिलिमीटरची. टोक वाकलेलं असताना लेसरचं फायबर आत ढकललं, तर ते आतलं अस्तर फाडतं आणि काही लाखांचा स्कोप दुरुस्तीला जातो. म्हणून स्कोप सरळ करून घ्या, मग फायबर घाला, आणि त्याचं टोक स्क्रीनवर दिसल्याशिवाय लेसर सुरू करू द्यायचा नाही. सर कितीही मोठे असोत, "सर, एक मिनिट" म्हणायला शिका. केस संपली की लीक टेस्ट. पाण्यात बुडबुडा दिसला की पुढची केस त्या स्कोपवर नाही. एकदाच वापरायच्या स्कोपचा बाजार याच दुरुस्तीच्या डोकेदुखीवर वाढला आहे. (सी-आर्म, म्हणजे ओटीतलं एक्स-रे मशीन, चालू असताना अंगावर शिशाचा लेड अ‍ॅप्रन नसेल तर आत थांबू नका. हा हट्ट करायचाच.)

ओटीच्या सिस्टरशी नीट वागा. कपाटात कुठल्या साइजचा स्टेंट संपलाय हे डॉक्टरांच्या आधी त्यांना ठाऊक असतं.

भाव पाडून मागणारे भेटतीलच. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत पॅकेजचा दर ठरलेला, त्यामुळे त्या केसला हॉस्पिटल स्वस्त स्टेंटच मागणार. तिथे महाग माल रेटू नका, दोन्ही प्रकार गाडीत ठेवा. उधारीची वही मात्र स्वतः सांभाळा. माल गेला की पेमेंटसाठी चकरा तुमच्याच असतात.

पुढे स्वतःची एजन्सी काढायची असेल, तर घाऊक औषधविक्रीचा परवाना किंवा एफडीएकडून (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून) वैद्यकीय उपकरणं विकण्याची एमडी-४२ नोंदणी लागते. जागेचा करार आणि पात्र माणूस यांची कागदपत्रं आधी जुळवा, डीलरशिपची बोलणी त्यानंतर.