इंग्लंडमध्ये हिवाळ्यात दोघंच फिरायला निघताय? या चुका टाळा

आम्ही दोघं रेडिंगला राहतो. पहिल्या डिसेंबरात आम्ही एका शनिवारी स्टोनहेंज, बाथ आणि परत येताना कॉट्सवोल्ड्समधलं एखादं गाव असा बेत आखला होता, सगळं गाडीने. निघायलाच साडेअकरा झाले, स्टोनहेंज बघून बाहेर पडलो तेव्हा तीन वाजत आले होते, बाथला पोचलो तर मिट्ट काळोख, पार्किंग मिळेना, पोटात भूक, आणि गाडीत दोघंही गप्प. त्यानंतर प्रत्येक हिवाळ्यात आम्ही फिरतोय आणि आता मनापासून सांगते, हिवाळ्यातलं इंग्लंड सुंदर आहे, गर्दी कमी, हॉटेलं स्वस्त, फक्त उन्हाळ्याचा प्लॅन उचलून हिवाळ्यात टाकायचा नाही.

सगळ्यात मोठी चूक हीच, दिवस किती आहे हे न बघता निघणं. २१ डिसेंबरच्या आसपास लंडनला सूर्य उगवतो आठनंतर आणि चारच्या आधी मावळतो, म्हणजे पुरते ८ तासही मिळत नाहीत. आपल्या मुंबईत वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळजवळ ११ तासांचा असतो, त्यामुळे आपल्या अंगवळणी हे पडलेलंच नसतं. उत्तरेला यॉर्क, डरमकडे गेलात तर आणखी अर्धा तास कमी. म्हणून आम्ही दिवस उलटा मोजतो. आधी त्या गावाची सूर्यास्ताची वेळ बघायची, त्यातून एक तास वजा करायचा, त्याच्या आत बाहेरचं सगळं बघून व्हायला हवं, मग तिथून मागे मागे येत ट्रेन किंवा निघायची वेळ ठरवायची. असं केलं की लगेच कळतं की दिवसाला एकच ठिकाण होतं, फार तर दीड. आणि तारखा तुमच्या हातात असतील तर फेब्रुवारीचा मध्य बघा, तोपर्यंत दिवस १० तासांचा झालेला असतो आणि केंब्रिजजवळच्या अँग्लसी अ‍ॅबीसारख्या बागांमध्ये स्नोड्रॉप्सची पांढरी फुलं जमिनीभर पसरलेली असतात.

चार वाजता अंधार पडला म्हणजे दिवस संपला असं समजून परत फिरणं हीसुद्धा चूकच. ब्रायटनला आम्ही खास सूर्यास्तासाठी जातो. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिथे संध्याकाळी स्टार्लिंग म्हणजे मैनेच्या कुळातले पक्षी हजारोंनी समुद्रावर जमतात. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी पॅलेस पिअरवर, म्हणजे समुद्रात आत गेलेल्या लांब धक्क्यावर, जाऊन उभं राहायचं. आधी दहा-पंधरा दिसतात, मग अजून एक थवा येतो, मग अजून एक, आणि बघता बघता अख्खा काळा ढग वाऱ्यावर धरलेल्या ओढणीसारखा वळतो, आकसतो, परत पसरतो, आणि डोक्यावरून गेला की पंखांचा सरसर आवाज येतो. मग एका क्षणी सगळे पिअरच्या खाली शिरतात आणि आकाश रिकामं. लंडनहून ट्रेनने तासाभरात हे बघायला मिळतं. दुपारी तिथलाच रॉयल पॅव्हेलियन बघून घ्या, पहिल्या महायुद्धात तिथे जखमी भारतीय सैनिकांचं हॉस्पिटल होतं, आणि जे वाचले नाहीत त्यातल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर जिथे अंत्यसंस्कार झाले तिथे शहराबाहेर टेकडीवर १९२१ साली उभारलेली छत्री, म्हणजे स्मारक, आहे. तिथे मात्र चिखलातून चालत जावं लागतं, उजेड असतानाच जा.

ट्रेनच्या बाबतीत लोक कुठे फसतात तर तारखांना. २५ डिसेंबरला ट्रेन जवळजवळ नसतातच, लंडनमध्ये बस आणि ट्यूब म्हणजे मेट्रोसुद्धा बंद, २६ ला अगदी थोड्या. ख्रिसमस ते न्यू इयर आणि एरवीही रविवारी रुळांची कामं काढतात, मग ट्रेनच्या जागी बस देतात आणि तासाचा प्रवास अडीच तासांचा होतो. तिकीट काढायच्या आधी नॅशनल रेलच्या वेबसाईटवर त्या दिवसाचं बघाच. आणि दोघांनी फिरायचं असेल तर टू टुगेदर रेलकार्ड काढा, भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, दोन-तीन ट्रिपमध्ये पैसे वसूल. पण कार्डावर ज्या दोघांची नावं आहेत ते दोघंही सोबत हवेत, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. एकजण आधी पुढे गेला आणि दुसरा मागून आला तर सूट नाही, ही चूक बरेच जण करतात. ट्रेन उशिरा पोचली तर डिले रिपे म्हणजे उशिराची भरपाई मागायला विसरू नका, तिकीट फेकू नका, २८ दिवसांच्या आत क्लेम करायचा असतो.

गाडीने जाणार असाल तर सकाळची पंधरा मिनिटं हातात ठेवा. काचेवर बर्फाचा पातळ, खरखरीत थर बसलेला असतो आणि वायपर काचेला चिकटलेला. उकळतं पाणी अजिबात ओतू नका, काच तडकते आणि ओघळलेलं पाणी खाली गोठून पाय घसरतो ते वेगळंच. स्क्रेपर आणि डी-आयसरचा स्प्रे घ्या, वायपर जोर लावून ओढू नका, इंजिन चालू करून गरम हवा काचेकडे सोडा आणि सोबत एसीसुद्धा लावा, एसी हवेतला ओलावा काढतो म्हणून आतली वाफ पटकन जाते. फक्त समोर एवढंसं भोक पाडून निघायचं नाही, सगळ्या काचा साफ असणं हा इथे नियम आहे. वॉशरमध्ये नुसतं पाणी असेल तर तेही गोठतं, थंडीचं स्क्रीनवॉश भरा. मोठ्या रस्त्यांवर कौन्सिलवाले मीठ टाकतात पण गावातल्या अरुंद रस्त्यांवर नाही, आणि जीपीएस जवळचा रस्ता म्हणून नेमका तोच दाखवतो. लेक डिस्ट्रिक्टमधला हार्डनॉट पास हा घाट तर तीनास एक चढाचा आहे, म्हणजे तीन फूट पुढे गेलं की एक फूट वर, बर्फ असताना तिकडे वळूच नका.

पाऊस आला की सगळा दिवस रद्द करू नका, दिशा बदला. वारे पश्चिमेकडून येतात, त्यामुळे पश्चिमेच्या डोंगरांवर पाऊस पडून जातो आणि पूर्वेकडे केंब्रिज, नॉरफोक बाजूला बराच कमी पडतो, अगदी आपल्या सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि पलीकडे देशावर जसं असतं तसंच. पश्चिमेकडच्या त्याच लेक डिस्ट्रिक्टमध्ये बॉरोडेल खोऱ्यातलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सगळ्यात जास्त पावसाचं वस्तीचं गाव, तिथे जानेवारीत जाऊन आकाश मोकळं मिळेल अशी आशा धरू नये.

कपड्यांचं थोडक्यात, जीन्स नको, ओली झाली की दिवसभर ओलीच राहते. आणि पायात बूट हवेत, कारण खरा त्रास थंडीचा नसून चिखलाचा आहे. दक्षिण किनाऱ्यावरच्या सेव्हन सिस्टर्स या पांढऱ्या कड्यांच्या वाटेवर ओला चुनखडीचा चिखल साबणासारखा घसरतो, आणि ते कडे सारखे ढासळत असतात, फोटोसाठीसुद्धा कडेला जाऊ नका. ईशान्य किनाऱ्याजवळच्या होली आयलंड या बेटावर जाणार असाल तर भरतीची वेळ आधी बघा, तिथला रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि गाड्या अडकतात. नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेची बरीच घरं हिवाळ्यात बंद असतात आणि फक्त बाग उघडी असते, निघायच्या आधी वेबसाईट बघा.

जेवणाचं मात्र गांभीर्याने घ्या. गावातल्या पबचं किचन दुपारी अडीच-तीनला बंद होतं आणि सहाला उघडतं. यॉर्कशायरमध्ये एका गावात आम्ही सव्वातीनला पोचलो, शेकोटी पेटलेली, आत उबदार, आणि खायला फक्त चिप्सची पाकिटं. तेव्हापासून थर्मासमध्ये चहा आणि डब्यात धपाटे असतातच, आणि रविवारच्या रोस्टला, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणाला, टेबल आधी बुक करतो, शाकाहारी असाल तर तेव्हाच विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट, ज्याला जास्त थंडी वाजते त्याने परत फिरायची वेळ ठरवायची. आमच्याकडे ती मी. माझी बोटं सुन्न झाली की नवरा एक शब्द न बोलता वळतो, आणि तेव्हापासून आमची ट्रिपवरची भांडणं जवळपास थांबली. मागच्या हिवाळ्यात नॉरफोकला हॉर्सीच्या किनाऱ्यावर सीलची पिल्लं बघायला गेलो होतो, नोव्हेंबर ते जानेवारी असतात ती, पांढरी, वाळूत लोळत पडलेली. वाळूच्या टेकाडावरूनच बघायचं, खाली उतरायचं नाही, माणसं जवळ गेली तर आई पिल्लाला सोडून जाऊ शकते. मी वीस मिनिटांत गारठले, त्याला अजून थांबायचं होतं. गाडीत बसलो, चहा ओतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आलो, कारण रात्रीचा मुक्काम तिथेच जवळ ठेवला होता.